मदत हवी आहे: लुआ - नमुन्याकडून आलेला खर्च बेरजेत येत नाही

मंडळी,

देवगडला काकांची हापूसची कलमं आहेत. वाशीहून दलालाची पट्टी (विक्री आणि खर्चाचा हिशेब) आली की हिशेब जुळवायला लुआ ५.४ या प्रोग्रामिंग भाषेत छोटा प्रोग्राम लिहितोय. क्लासवाली (आधी साचा, मग त्यावरून वस्तू बनवणारी) लायब्ररी मुद्दाम घेतली नाही, पेट्यांना क्लास कशाला? एक नमुना पेटी, तिच्यावरून पाच डझनी, तिच्यावरून प्रत्यक्ष लॉट, सगळी लुआची टेबलं (नाव आणि त्याचं मूल्य अशा जोड्यांचे साठे). सेटमेटाटेबल करून प्रत्येकाला मेटाटेबल (टेबलाने कसं वागायचं ते सांगणारं दुसरं टेबल) जोडलं आणि त्यातला __इंडेक्स वरच्याकडे लावला, की लॉटकडे नाही ते वर सापडतं.

घोळ आहे 'खर्च' या आतल्या टेबलाचा. एका लॉटचा टेम्पो महाग पडला म्हणून लॉट.खर्च.वाहतूक बदलली, तर सगळ्याच लॉटांची बदलली. कारण कळलं: लॉटकडे स्वतःचं खर्च टेबल नाही, म्हणून हाती येतं ते नमुन्याचं आणि आकडा त्यातच जातो. पण क्लोन करताना (नमुन्यावरून लॉट बनवताना) सगळं कॉपी केलं, तर भर हंगामात हमाली वाढल्यावर प्रत्येक लॉट उघडत बसायचं. मग नमुना हवा कशाला?

म्हणून प्रत्येक लॉटला रिकामं खर्च टेबल दिलं आणि त्याचाही __इंडेक्स वरच्या खर्चाकडे लावला. बदल आता बरोबर होतात, बेरीज मात्र कमी येते. पेअर्स (टेबलातली नावं एकेक करून देणारं फंक्शन) फक्त त्या टेबलातलीच नावं फिरतं, वरून आलेली हमाली-तोलाई त्याला दिसतच नाही. (जावास्क्रिप्टचं फॉर-इन वरचंही दाखवतं. त्याची सवय असली की हे खटकतंच.)

शिवाय काही लॉट स्वतःच्या गाडीने जातात. तिथे वाहतूक निल (काहीच नाही) केली की नमुन्याची वाहतूक पुन्हा हजर!

__पेअर्स (पेअर्सने काय फिरायचं ते ठरवणारं स्वतःचं फंक्शन) लिहावं की खर्चाच्या नावांची ठरलेली यादी ठेवावी?

प्रतिसाद १:

यादीच ठेवा. पट्टीवर हमाली, तोलाई, वाहतूक हे रकाने काय रोज बदलतात? यादीतलं एकेक नाव घेऊन खर्चात वाचलंत की __इंडेक्स आपणहून वर जातो.

__पेअर्सच हवं असेल तर साखळी खालून वर चढा आणि मोजलेलं नाव वेगळ्या टेबलात टिपत चला, नाहीतर त्या महाग टेम्पोची वाहतूक दोनदा धरली जाईल. आणि __पेअर्स, __टूस्ट्रिंग (टेबल मजकूर म्हणून कसं दिसावं ते सांगणारं) ही मंडळी मेटाटेबलातच थेट शोधली जातात, __इंडेक्सच्या वाटेने वर जात नाहीत. क्लोन करतानाच प्रत्येक मेटाटेबलात भरा.

स्वतःच्या गाडीला निल नको, शून्य लिहा. लुआला निल म्हणजे ते नावच तिथे नाही, म्हणून ती वर बघायला जाते.