मदत हवी आहे: बुश बदलूनही गिअर लिव्हर ढिलाच

जुनी पाच गिअरची गाडी, इंजिन आडवं, लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत केबल नाही, लोखंडी रॉड आहे. न्यूट्रलमध्ये मूठ डावी-उजवीकडे साधारण 60 मिमी हलायची. लिव्हरच्या बुडाचे दोन्ही नायलॉन बुश (सांध्यात बसणाऱ्या छोट्या नळ्या) आणि लिव्हर ज्यावर फिरतो त्या बॉलखालची प्लास्टिकची वाटी नवी टाकली, लिथियम ग्रीस लावलं. खेळ (ढिलेपणा) 25 मिमीवर आला, पण तिथेच अडला.

हिशोब असा: बॉलच्या वर लिव्हर 250 मिमी, खाली 50. म्हणजे खालचा 1 मिमी खेळ मुठीपाशी 5 मिमी होतो. उरलेले 25 म्हणजे खाली तब्बल 5 मिमी. नवे बुश एवढे देणार नाहीत.

गाडी स्टँडवर घेऊन, इंजिन बंद ठेवून, एकाने लिव्हर हलवला आणि दुसऱ्याने खालून पाहिलं. रॉड लगेच हलतो, सिलेक्टर शाफ्ट (गिअरबॉक्समधला गिअर निवडणारा दांडा) मात्र उशिरा. मध्ये युनिव्हर्सल जॉइंट (कोनात असतानाही फिरणं पुढे देणारा सांधा) आहे. त्याची पिन हाताला खुळखुळते, गंजाची तांबूस भुकटीही दिसते. रॉड धरणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट घट्ट आहे. ॲक्सिलरेटर दाबताना-सोडताना लिव्हर उडत नाही, म्हणून इंजिनच्या माउंटिंगवर (रबरी आधारांवर) संशय नाही.

आता प्रश्न. अख्खा जॉइंट बदलावा, की भोक रीम करून (अचूक मोठं करून) जाड पिन बसवलेली टिकते? (पितळी बुशचा सल्ला नको, मुठीत थरथर येते.) आणि क्लॅम्प सोडल्यावर रॉडचा कोन कसा जुळवायचा? जुन्या जागी खूण करणारच आहे, पण ती जागाच चुकीची असेल तर? सध्या रिव्हर्स टाकताना लिव्हर पहिल्यात घुसतो.