मदत हवी आहे: इंदूर–जाम गेट–महेश्वर सायकलने, कच्च्या वाटांनी. टायर, गिअर आणि काळी माती

राजवाडा_ते_रेवा:
नमस्कार मंडळी. दसऱ्यानंतर महू, बडगोंदा, जाम गेट (घाटमाथ्यावरची जुनी कमान), घाट उतरून मंडलेश्वर आणि मग महेश्वर असं जायचं ठरतंय. जिथे जमेल तिथे डांबर सोडून गावांमधल्या मुरमाच्या रस्त्यांनी. मुक्काम महेश्वरला, दुसऱ्या दिवशी तोच घाट चढून परत.
सायकल: अॅल्युमिनियम ग्रॅव्हल फ्रेम, शिमानो क्लॅरिस गिअर, ८ स्पीड, पुढच्या चक्रांना ५०-३४ दात, मागच्यांना ११-२८, केबलचे डिस्क ब्रेक, ७००×३२ टायर (३२ मिमी रुंद), आत साधी ट्यूब. माझं वजन ७६ किलो, सामान ६ किलोच्या आत.
१) ३२चा टायर चालेल का? हवा किती?
२) हे गिअर परतीच्या चढाला पुरतील का?
३) मध्येच पाऊस झाला तर काळ्या मातीचं काय करायचं?

मुरूमवाला:
३२ डांबरासाठी ठीक. घाटमाथ्यावर बेसाल्टची फुटलेली खडी आहे, तिच्या कडा धारदार असतात आणि टायरच्या बाजूची भिंत कापतात. फ्रेममध्ये बसत असेल तर ३८ घ्या, बाजूच्या भिंतीला संरक्षण असलेला. छापील आकड्यावर जाऊ नका. टायर बसवा, हवा भरा आणि चेनस्टे (मागच्या चाकाशेजारच्या फ्रेमच्या नळ्या) व फोर्कपाशी (पुढचं चाक धरणारा दुपाखा) दोन्ही बाजूंना ५-६ मिमी मोकळी जागा उरते का ते मोजा. ४० बसतो म्हणून ४०च घालणारे पहिल्या चिखलात अडकतात.
तुमचं वजन, सायकल आणि सामान मिळून ९४ किलोच्या आसपास होईल. ३८ टायरला ट्यूबसह पुढे ४०, मागे ४५ पीएसआय. यापेक्षा कमी ठेवलीत तर दगडावर रिम आदळून ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतील. ट्यूबलेस केलंत तर पुढे ३२, मागे ३६. पण रिम ट्यूबलेससाठी बनवलेली नसेल तर टेप गुंडाळून जुगाड करू नका, कमी हवेत टायर वळणावर रिमवरून सुटतो.

महूकर:
गिअरचा हिशोब करून टाकू. ३८ टायरचा घेर साधारण २.१८ मीटर. ३४-२८मध्ये पेडलच्या एका फेऱ्यात २.६५ मीटर. ८ टक्के चढ धरला आणि ९४ किलो, तर ताशी ८ किमीसाठीसुद्धा १८५ वॅटच्या आसपास लागतात, आणि त्या वेगाला तुमचे पाय मिनिटाला जेमतेम ५० फेरे मारतील. सैल मुरमावर इतके जड फेरे म्हणजे मागचं चाक घसरणार आणि गुडघे बोलणार. मागे ११-३४ लावा, त्याच वेगाला ६१ फेरे होतात. ८ स्पीडची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) सहज मिळते.
मात्र आधी मागच्या डिरेलरच्या (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेच्या) पाठीवरचा कोड बघा. जीएस म्हणजे लांब केज (पुल्यांची चौकट), एसएस म्हणजे आखूड. आखूड केज ३४ दात पेलत नाही, मग डिरेलरही बदलणं आलं. चेन नवी, आणि लांबीही नव्याने: पुढच्या मोठ्या चक्रावरून मागच्या मोठ्या चक्रावर, डिरेलरमधून न घालता ताणून घ्या आणि वर दोन कड्या जास्त ठेवा. शेवटी बी-स्क्रू फिरवून वरची पुली आणि मोठं चक्र यांत ५-६ मिमी अंतर. दुकानात हे शेवटचं हमखास राहून जातं आणि चढावर खडखड सुरू होते.

चाकोरी:
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे, कारण माळव्यात माणसं दमून नाही, मातीमुळे परत फिरतात.
ही माती पाणी पिऊन फुगते आणि टायरला थरावर थर चढत जातो. शंभर-दीडशे मीटरमध्ये फोर्क भरतो, मागे चेनस्टेमध्ये गोळा बसतो, मग डिरेलरच्या पुल्या. चाक जड झालंय हे कळूनही माणूस पेडल मारतो, आणि तिथेच हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) मोडतो, डिरेलर स्पोकमध्ये जातो.
चेन करकरली की उतरा. ढकलूही नका, ढकलतानाही चाक फिरतंच. खांद्यावर घ्या नाहीतर कडेच्या गवतावरून उचलून न्या. पुढे कोरडी जागा मिळाली की काडीने आधी फोर्क आणि चेनस्टे, मग पुल्या, मग ब्रेकचा रोटर (चाकावरची चकती) आणि पॅडच्या फटी, या क्रमाने साफ करा. पॅडमध्ये मातीचे कण राहिले तर उतारावर ते रोटर घासून खातात.
तुमच्या फ्रेमचा जादा हँगर सोबत ठेवा. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, आयत्या वेळी मिळत नाही. चेन टूल आणि ८ स्पीडची जोडकडी हवीच. तरी मोडलाच, तर डिरेलर काढून चेन छोटी करा आणि पुढे ३४, मागे मधल्या चक्रावर सरळ रेषेत जोडून एकाच गिअरमध्ये डांबरापर्यंत या.
टाळायचं कसं? लाल-पिवळसर मुरूम दिसला तर पावसानंतर काही तासांत चालतो. शेतातून जाणारी काळी वाट असेल तर दोन दिवस कडक ऊन पडू द्या. सुकल्यावर दुसरी अडचण, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दगडासारख्या घट्ट होतात. एकदा चाक आत गेलं की हँडल वळवून बाहेर यायला बघू नका, पडाल. वेग कमी करून थांबा, सायकल उचलून बाहेर काढा.
गावात रस्ता विचारताना ‘ये रास्ता जाता है क्या’ असं विचारलंत तर उत्तर नेहमी ‘हाँ’. त्यापेक्षा विचारा, ‘बारिश के बाद ट्रैक्टर निकलता है क्या?’ मग खरं काय ते कळतं.

राजवाडा_ते_रेवा:
फारच उपयोगी. डिरेलर जीएस आहे, सुटलो! फ्रेममध्ये ३८ बसतो, रिम मात्र ट्यूबलेसची नाही. काट्यांचं काय? आणि उताराला केबलचे ब्रेक पुरतात का?

मुरूमवाला:
ज्या ट्यूबच्या व्हॉल्व्हचा गाभा निघतो ती घ्या, आत ६० मिली सीलंट. बाभळीच्या काट्याचं भोक ते भरतं, बाजूची चीर नाही. चिरेसाठी जुन्या टायरचा ५-६ सेंमी तुकडा आतून लावायला ठेवा. काटेरी फांद्यांची कुंपणं वाटेवर पसरलेली असतात, तिथे मधोमध चाला. पंक्चर काढल्यावर टायर आतून बोटाने नाही, कापसाच्या बोळ्याने पुसा. मोडलेलं काट्याचं टोक कापूस अचूक पकडतो. आणि दोन ट्यूब सोबत.

महूकर:
पुरतात, पण केबलच्या ब्रेकमध्ये पॅड झिजले की लिव्हर आपोआप सावरत नाही. निघण्याआधी आतला, न हलणारा पॅड स्क्रूने रोटरच्या अगदी जवळ आणा, मग केबल ताणा. पॅडवरचा मसाला १ मिमीवर आला असेल तर नवे घाला, आणि नवे पॅड सपाटीवर ताशी २५वरून ५पर्यंत वीसेक वेळा दाबून बसवून घ्या. घाटात सतत दाबून धरू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात, मग सोडा. लिव्हर हँडलला टेकायला लागली की थांबून केबलचा बॅरल (ताण वाढवणारा स्क्रू) फिरवा, अंदाजाने पुढे जाऊ नका.
परत येताना महेश्वरहून उजाडण्याआधी निघा. नर्मदाकाठ माळव्यापेक्षा सखल आणि गरम, वर यायला ४०० मीटरहून जास्त चढ आहे. ऊन तापायच्या आत जाम गेटची कमान गाठा. अहिल्याबाईंच्या काळातली, १७९१ सालची आहे, सावली छान देते.

चाकोरी:
दोन गोष्टी राहिल्या. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन काढणी चालते आणि गावकरी ती रस्त्यावरच वाळत घालतात. दाण्यांवर टायर बेअरिंगवर ठेवल्यासारखा सरकतो. अशा ठिकाणी उतरून कडेने चालत जा. ते त्यांचं वर्षाचं पीक आहे, तुडवू नये.
दुसरं, महूच्या आसपास लष्कराची फायरिंग रेंज आहे. नकाशात वाट सरळ दिसली तरी लाल झेंडा किंवा फलक दिसला की मागे फिरा. जमिनीवर धातूचं काही पडलं असेल तर हात लावू नका.

सराफा_रात्र:
मानपूरकडून हायवेने किंवा खंडवा रोडच्या भेरूघाटाने परत यायचा सोपा पर्याय कुणी सुचवला तर ऐकू नका. ट्रकांची रांग आणि कडेला जागा नाही. दमलात तर महेश्वरहून बसच्या टपावर सायकल टाका. डिरेलरची बाजू वर, दोरी फ्रेमला बांधा, चाकाला नाही.

राजवाडा_ते_रेवा:
आभारी आहे. ११-३४ कॅसेट, चेन आणि हँगर आजच मागवतो. हँगरसाठी फ्रेमवरचा नंबर कुठे असतो?

महूकर:
बॉटम ब्रॅकेटखाली, म्हणजे पेडलच्या आसाखाली. पण त्यावरून हँगर मिळेलच असं नाही. जुना काढून भोकांमधलं अंतर कॅलिपरने मोजा, दोन्ही बाजूंचे फोटो काढून विक्रेत्याला पाठवा.