सिरीज थ्री लँड रोव्हर विकायचीये, इंजिन बदललंय हे जाहिरातीत कसं लिहू?

चिखलवाट:
मंडळी, माझी १९७८ ची सिरीज थ्री आहे, ८८ इंच व्हीलबेसवाली छोटी. सहा वर्षं हिच्यामागे घालवली. चासी इतकी सडलेली की स्क्रूड्रायव्हर आरपार जायचा, म्हणून नवी गॅल्व्हनाइज्ड टाकली, मूळचं सव्वादोन लिटर पेट्रोल काढून २०० टीडीआय, म्हणजे लँड रोव्हरचंच नंतरचं टर्बो डिझेल बसवलं, पुढे डिस्क ब्रेक, पॅराबोलिक (कमी पानांचे, मऊ) पाटे, पॉवर स्टिअरिंग सगळं केलं आणि आता कंबरच क्लच दाबू देईना. पहिला गिऱ्हाईक बॉनेट उघडल्या उघडल्या 'ओरिजिनल नाही' म्हणून गेला, दुसरा विचारतो एसी का नाही 😑 रिस्टोअर्ड लिहू का मॉडिफाइड? आणि केलेला खर्च तरी निघेल का?

जुनंलोखंड:
खर्चाचं विसर. पार्ट्सचे थोडेफार निघतील, तुझ्या रविवारांचे पैसे कोण देणार. नुसतं रिस्टोअर्ड लिहू नकोस, ते वाचून इंजिन नंबर जुळवणारे येतात आणि तोंड वाकडं करून जातात. तुझा गिऱ्हाईक वेगळा, त्याला गाडी चालवायचीये. पहिल्याच ओळीत २०० टीडीआय आणि नवी चासी लिही, नको असणारे आपोआप गळतील.
दुसरं म्हणजे बॉडी ॲल्युमिनियमची म्हणून गंजत नाही असं लोक समजतात पण बल्कहेड, म्हणजे इंजिन आणि केबिनमधली भिंत नि पाय ठेवायचा भाग, लोखंडी असतं, जाणकार माणूस आधी मॅट उचलून पायाखालचा पत्रा बघतो. तिथं लांबी भरून रंग मारलाय का पत्रा कापून नवा वेल्ड केलाय?

गिअरखडखड:
चासी नंबरचं काय केलंस? जुन्या चासीवर तो पुढे उजवीकडे पाट्याच्या हँगरपाशी ठोकलेला असतो, नवीवर रीतसर घेतलाय ना? आणि कागदावर नवीन इंजिन चढलंय का? हे नसेल तर जाहिरात थांबव, आधी ते कर.
डिफ (डिफरन्शियल, चाकांकडचे शेवटचे गिअर) कोणत्या रेशोचे तेही सांग. मी एकदा अशीच डिझेल घातलेली घेतली, डिफ मूळचे ४.७ चेच, म्हणजे इंजिन जास्त फिरणार, हायवेला नुसती बोंबलायची, विकणारा चकार शब्द बोलला नव्हता. ३.५४ चे टाकले असशील तर तेही लिही कारण मग लो रेंजमध्ये (चढाच्या हळू गिअरमध्ये) पहिल्यासारखी सावकाश रांगत नाही, डोंगरात नेणाऱ्याला ते कळायला हवं.

चिखलवाट:
नंबर रीतसर घेतलाय, इंजिन पण कागदावर आहे. डिफ ३.५४ चे. जुनं इंजिन शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे, मांजरीची पिल्लं त्यावरच झोपतात. बल्कहेडचा पत्रा कापून नवा लावलाय पण फोटो एकच आहे, कापायच्या आधीचा, त्यात भोकातून खालची जमीन दिसते. तो कशाला टाकायचा?

जुनंलोखंड:
अरे तोच टाक! त्याच्या शेजारी आत्ताचा, मॅट उचलून, त्याच कोनातून. आणि जुनं इंजिन गाडीबरोबर देतोय असं लिही, पुढेमागे ओरिजिनल करावीशी वाटली तर सोय. पिल्लांचं तू बघ 😄