मदत हवी आहे: सुरुवातीच्या फायबरग्लास शिडाच्या बोटींची जाडी कशी ठरवली जायची?

दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या पहिल्या मोठ्या फायबरग्लास शिडाच्या बोटींवर लेख लिहितेय. एका मुद्द्यावर अडले आहे.

डिझायनर फिलिप ऱ्होड्स यांची 'बाउंटी २' ही बोट कॅलिफोर्नियात सॉसालिटोला तयार झाली. मग १९५९ च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये पिअरसन चुलतभावांनी कार्ल अल्बर्ग यांनी डिझाइन केलेली २८ फुटी 'ट्रायटन' मांडली. या बोटींचे हल (बोटीचं बाहेरचं मुख्य कवच) आजच्या मानाने फार जाड. सगळीकडे एकच कारण वाचायला मिळतं: नव्या साहित्याची ताकद माहीत नव्हती, म्हणून लाकडाइतकी जाडी ठेवली. मला हे पटत नाही. रडारचे घुमट आणि नौदलाच्या छोट्या बोटी त्याआधीच फायबरग्लासच्या होत होत्या, म्हणजे चाचण्यांचे आकडे कोणाकडे तरी असणारच.

विक्रीची माहितीपत्रकं पाहिली. त्यात लांबी, वजन, शिडाचं क्षेत्रफळ आहे, हलमधल्या फायबरग्लासच्या थरांबद्दल काही नाही. मालकांनी भोक पाडून मोजलेली जाडी बोटीगणिक बदलते, कारण थर हातानेच चढवलेले. दुरुस्तीचा सल्ला नकोय, डेकचाही प्रश्न नाही. फक्त हल, १९६० पर्यंतचा. अमेरिकेत जाणं शक्य नाही, स्कॅन चालेल.

या दोन्हींपैकी एखाद्या बोटीचा मॅट (काचतंतूंचा चटईसारखा थर) आणि रोव्हिंगचे (काचतंतूंच्या जाड विणीच्या कापडाचे) थर दाखवणारा मूळ आराखडा किंवा डिझायनरचं त्या काळातलं पत्र कुठल्या संग्रहात पाहायला मिळेल?