ब्रिटनीच्या किनाऱ्यावर हॉटेल घ्यावे की स्वयंपाकघर असलेले घर?

प्राजक्त (चर्चाप्रस्ताव) :
आजी-आजोबा, आईवडील आणि मुले अशा तीन पिढ्या जुलै-ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर जाणार असतील, तर त्यांनी हॉटेल न घेता आठवड्यासाठी घर भाड्याने घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. तेथे अशा घराला ‘झीत’ म्हणतात. ‘झीत द फ्रान्स’ ही संस्था १९५५ पासून कार्यरत असून ती घरांना १ ते ५ कणसांच्या चिन्हांनी दर्जा देते.

माझे मुख्य कारण समुद्र हे आहे. तेथील सां-मालो या तटबंदीच्या बंदरशहरात उधाणाच्या भरती-ओहोटीतील फरक १२ मीटरहून अधिक असतो आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे आज सकाळी ज्या वेळी मुले पाण्यात होती, त्याच वेळी आठवड्याने समोर नुसती वाळू आणि खडक असतात. गावोगावची रेस्टॉरंटे मात्र दुपारी साधारण बारा ते दोन आणि संध्याकाळी सात-साडेसातनंतरच जेवण देतात. मधुमेह असलेल्या आजोबांचे जेवण आणि मुलांचे पोहणे या दोन्ही वेळा सांभाळायच्या असतील, तर आपली चूल आपल्या हातात असणे हाच मार्ग आहे.

मृद्गंधा :
मला हे मान्य नाही. चूल ‘आपल्या’ हातात असते असे आपण लिहिता, पण प्रत्यक्षात ती घरातील एका स्त्रीच्या हातात असते, आणि वर्षभर डबे करणाऱ्या त्या बाईला एवढा खर्च करून परक्या देशात पुन्हा पोळ्या लाटायला लावणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय हंगामात बहुतेक घरे शनिवार ते शनिवार अशीच मिळतात, चादरी-टॉवेल अनेकदा भाड्यात धरलेले नसतात, अनामत रक्कम द्यावी लागते, आणि निघताना घर स्वच्छ करून द्यावे लागते किंवा सफाईचे वेगळे पैसे मोजावे लागतात. खेड्यातले घर घेतले, तर मोटारीवाचून पान हलत नाही. याउलट सां-मालोला पॅरिसहून थेट तेजेव्हे (अतिवेगवान) रेल्वेगाडी अडीच तासांच्या आत पोहोचते, स्थानकापासून तटबंदीतील जुने शहर पायी गाठता येते, आणि गव्हाऐवजी कुट्टूच्या पिठाची गालेत (घावनासारखा पातळ पदार्थ) चीज किंवा मश्रूम घालून मागवली, की शाकाहारी माणसाचेही पोट भरते. मागवताना हॅम नको हे आधीच स्पष्ट सांगावे, कारण ‘काँप्लेत’ या गालेतच्या प्रकारात ते असतेच.

दर्यावर्दी :
आपण दोघांनीही न मांडलेला एक मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पर्यटकांना भाड्याने दिलेल्या सदनिकांमुळे स्थानिकांना राहायला घरे उरेनात, म्हणून सां-मालोच्या नगरपालिकेने २०२१ मध्ये अशा घरांवर विभागवार मर्यादा घातली आणि तटबंदीच्या आतील भागासाठी ती तेथील घरांच्या १२.५ टक्के ठेवली. तेव्हा घर घ्यायचेच असेल, तर शहरातील सदनिका टाळून जवळच्या दिनान किंवा कांकालच्या आसपासच्या गावात, मालक शेजारीच राहतो असे घर पाहावे. त्याच्याकडून भरतीचे वेळापत्रकही समजून घेता येते, आणि ते समजून घेणे येथे अत्यावश्यक आहे. सां-मालोसमोरच्या ग्रां बे या बेटावर ओहोटीत चालत जाता येते, पण परतायला उशीर झाला तर पुढच्या ओहोटीपर्यंत तेथेच अडकून पडावे लागते.

प्राजक्त :
दर्यावर्दी यांची सूचना मला पूर्णपणे पटते. मृद्गंधा यांचा आक्षेप खरा आहे, परंतु तो स्वयंपाकघरावर नसून कामाच्या वाटणीवर आहे. दिनानचा गुरुवारचा बाजार, तेथील ताज्या भाज्या, ब्रिटनीचे खारे लोणी आणि पाव एवढ्यावर कोणत्याही पुरुषाला दुपारचे जेवण मांडता येते. पोळ्या लाटाव्यात असे माझे मुळीच म्हणणे नाही.

मृद्गंधा :
मग ही वाटणी घर आरक्षित करण्यापूर्वी, कोणत्या दिवशी कोण रांधणार आणि भांडी कोण घासणार हे नावानिशी लिहून ठरवावी. तसे ठरत नसेल आणि मोटार चालवणारेही कोणी नसेल, तर मी अजूनही तटबंदीजवळचे, सकाळची न्याहारी देणारे साधे हॉटेलच सुचवेन.