मदत हवी आहे: एका पॅकेजसाठी टेस्टिंग जोडलं, आता ८४७ अपग्रेड दाखवतंय

रिकामा_कर्सर

नमस्कार मंडळी,

लॅपटॉपवर डेबियन १३ (लिनक्स) आहे, म्हणजे ट्रिक्सी, तपासून पक्की केलेली 'स्टेबल' शाखा. एरवी काही तक्रार नाही. पण नवीन कॅमेरा घेतला आणि त्याच्या रॉ (कच्च्या फोटोंच्या) फायली डार्कटेबल या फोटो संपादकात उघडेनात. शोधल्यावर कळलं की या मॉडेलचा सपोर्ट ट्रिक्सीतल्या डार्कटेबलच्या पुढच्या आवृत्तीत आलाय आणि ती 'टेस्टिंग'मध्ये, म्हणजे पुढचं स्टेबल जिथे तयार होतं त्या शाखेत, आहे. म्हणून सोर्सेसच्या फायलीत (पॅकेजेस कुठून आणायची ती यादी) टेस्टिंगची एक ओळ वाढवली, पॅकेज मॅनेजरचं 'अ‍ॅप्ट अपडेट' चालवलं, तर म्हणे ८४७ पॅकेजेस अपग्रेड करता येतील!

मला तर एकच हवं होतं. नुसतं डार्कटेबल टाकून पाहिलं, तर सोबत येणाऱ्यांच्या यादीत 'लिबसी६', आणि खाली 'काढली जातील' म्हणून नऊ नावं. त्यातलं एक माझ्या डेस्कटॉपचंच. घाबरून 'एन' दाबलं. अजून काहीच इन्स्टॉल केलेलं नाही.

एका पॅकेजपायी एवढं लटांबर का येतंय? आणि यापेक्षा अख्खी सिस्टिमच टेस्टिंगवर न्यावी का? रोजचं काम याच मशीनवर आहे. आगाऊ धन्यवाद.

उंटावरचा_शहाणा

'एन' दाबलंत ते उत्तम केलंत. निम्मे लोक 'वाय' दाबून मग धागा काढतात.

'अ‍ॅप्ट पॉलिसी डार्कटेबल' चालवून बघा. दोन्ही आवृत्त्यांपुढे ५०० हा आकडा दिसेल. तो अग्रक्रम. तुम्ही वेगळं काही सांगितलं नसेल तर अ‍ॅप्टच्या लेखी स्टेबल आणि टेस्टिंग दोघंही ५००चेच, आणि बरोबरी झाली की ज्याची आवृत्ती वरची ते जिंकतं. त्यामुळे टेस्टिंगमध्ये जे जे पुढे गेलंय ते सगळं त्याला अपग्रेड वाटतंय. तुम्ही एक ओळ लिहिलीत, त्याने पूर्ण स्थलांतराचा अर्ज समजून घेतला.

लिबसी६चं कारण वेगळं. टेस्टिंगमधलं डार्कटेबल तिथल्या नव्या लायब्रऱ्यांवर (अनेक प्रोग्राम वापरतात तो सामायिक कोड) बांधलेलं असतं. ट्रिक्सीत ग्लिबसी (लिबसी६ हे तिचंच पॅकेज) २.४१ आहे. बांधताना त्याहून नवीन असेल तर पॅकेज तीच मागू शकतं, आणि तिच्यावर तर सगळी सिस्टिम उभी आहे. ती पुढे सरकली की तिच्याशी न जुळणारी जुनी पॅकेजेस बाहेर. ती नऊ नावं त्यातलीच. अशा अर्ध्या-अर्ध्या सिस्टिमला डेबियनवाले फ्रँकनडेबियन म्हणतात. परत फिरणं अवघड, कारण अग्रक्रम १००० किंवा त्याच्या वर नेल्याशिवाय अ‍ॅप्ट आपणहून आवृत्ती खाली आणत नाही, आणि आणली तरी सगळं सुरळीत चालेल याची खात्री कोणी देत नाही.

आधी ती ओळ काढा आणि पुन्हा 'अ‍ॅप्ट अपडेट' करा. मग ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स बघा. तिथे टेस्टिंगमधलीच पॅकेजेस असतात, पण स्टेबलच्या लायब्रऱ्यांवर पुन्हा बांधलेली. त्यांचा अग्रक्रम १००, म्हणजे तुम्ही मागितल्याशिवाय काही आत शिरत नाही. मात्र तिथे सगळंच मिळतं असं नाही. नसेल तर फ्लॅटपॅक. ते आपल्या लायब्रऱ्या स्वतःच घेऊन येतं, लिबसी६ला हात लावत नाही.

सिड_शेजारी

माझं मत जरा वेगळं. मी कित्येक वर्षं पूर्ण टेस्टिंगवर आहे आणि मजेत आहे. नाव ऐकून लोक उगाच दचकतात. पॅकेज आधी अनस्टेबल या सगळ्यात नव्या शाखेत येतं, साधारण २ ते १० दिवस तिथे मुरतं, नवा गंभीर बग निघाला नाही आणि अवलंबित्वं (त्याला लागणारी इतर पॅकेजेस) जुळली तरच टेस्टिंगमध्ये उतरतं. अ‍ॅप्ट-लिस्टबग्ज टाकून ठेवा, ते इन्स्टॉल करण्याआधीच गंभीर बग दाखवतं.

पण निम्मं इकडे, निम्मं तिकडे करू नका. एक तर पूर्ण या, नाहीतर येऊ नका.

उंटावरचा_शहाणा

@सिड_शेजारी, मुरतं ते खरं, पण सुरक्षेचे पॅचही त्याच रांगेतून येतात. स्टेबलला सुरक्षा टीम थेट पुरवते, टेस्टिंगवाला बहुतेक वेळा अनस्टेबलकडे डोळे लावून बसतो. एखादं मोठं ट्रान्झिशन (लायब्ररी बदलली की तिच्यावरची पॅकेजेस नव्याने बांधणं) चालू असलं की रांग आणखी लांबते.

आणि मार्च २०२४ आठवा. एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये कोणीतरी मागचं दार ठेवलं होतं. एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा पिच्छा पुरवताना अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला ते सापडलं. ते टेस्टिंगपर्यंत मुरून पोचलं होतं, स्टेबलला शिवलंही नव्हतं.

सिड_शेजारी

मान्य. त्या तडाख्यात मीही सापडलो होतो. ५.६.१+रिअली५.४.५ असल्या विनोदी नावाने जुनंच एक्सझेड परत आलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. कामाचं एकच मशीन असलेल्याला मीही टेस्टिंग सुचवणार नाही. दुसरं जुनं मशीन पडून असेल तर त्यावर खुशाल.

आणि पुढेमागे आलातच, तर सोर्सेसमध्ये 'टेस्टिंग' लिहायचं की 'फॉर्की' (ट्रिक्सीनंतरच्या आवृत्तीचं नाव) हे आधी ठरवा. 'फॉर्की' लिहिलंत तर ते स्टेबल झालं की तुम्हीही त्याच्यासोबत स्टेबल. 'टेस्टिंग' लिहिलंत तर त्याच दिवशी पुढच्या आवृत्तीच्या धबडग्यात. ९ ऑगस्ट २०२५ला ट्रिक्सी स्टेबल झालं, त्यानंतर असे बरेच जण बुचकळ्यात पडलेले.

रिकामा_कर्सर

ओळ काढली, अपडेट केलं, ८४७चे शून्य झाले! अग्रक्रमाची भानगड आज पहिल्यांदा डोक्यात शिरली.

फ्लॅटपॅकचं डार्कटेबल घेतलं. कॅमेऱ्याच्या फायली उघडल्या, रंगही ठीक दिसताहेत. आता जुनं डार्कटेबलही ठेवलं तर चालेल ना?

उंटावरचा_शहाणा

ठेवा, पण दोघांना डार्कटेबलच्या एकाच लायब्ररी डेटाबेसवर (म्हणजे तुमच्या फोटोंच्या नोंदींवर) सोडू नका. नवी आवृत्ती डेटाबेसचं रूप बदलते, मग जुनीला तो उघडत नाही. आज रात्रीच त्याची एक प्रत बाजूला काढून ठेवा.