पुडी आणि गोळ्या एकत्र नकोत

"पुडी सकाळच्या गोळ्यांबरोबरच घेऊन टाकायची, म्हणजे विसरायला होत नाही" हा, रक्तातले वाढलेले पोटॅशियम कमी करायच्या पुडीबद्दल इथे कुणीतरी दिलेला सल्ला, कृपया कुणी पाळू नका. त्या पुडीतली पॉलिस्टायरीन सल्फोनेटची पावडर आतड्यात पोटॅशियम धरून ठेवते, तशी सोबतची औषधेही धरते आणि त्यांचा गुण कमी येतो. इतर गोळ्या आणि पुडी यांत दोन्ही बाजूंनी निदान 3 तास जायला हवेत, ज्यांचे पोट उशिरा रिकामे होते त्यांना 6 तास. आमच्या आईला (फोंड्याला असते) डॉक्टरांनी थायरॉईडची गोळी पहाटे, प्रेशरची न्याहारीला आणि पुडी दुपारी अशी वेळ लावून दिली आहे.

पुडी कशात कालवायची, हे कुणी लिहिलेले दिसले नाही. साधे पाणीच. पावडर विरघळत नाही, पेल्याच्या तळाशी बसते. म्हणून ढवळून, ताठ बसून हळूहळू प्यायची आणि तळाला राहिलेल्यात पुन्हा थोडे पाणी घालून तेही प्यायचे. आपल्याकडे आजारी माणसाला प्रेमाने शहाळे देतात, पण त्यात पोटॅशियम भरपूर असते. संत्र्याच्या रसाचेही तेच. 'लो सोडियम' मिठात तर बहुधा पोटॅशियम क्लोराईड घातलेले असते, घरात असेल तर आधी बाजूला करा. बद्धकोष्ठ झाले तर पुढची पुडी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा, मनाने जुलाबाचे औषध नको. आणि छातीत धडधड किंवा हातापायांत एकाएकी अशक्तपणा आला तर पुडीवर विसंबू नका, तिला गुण यायला कित्येक तास लागतात. थेट बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) किंवा जवळच्या इस्पितळात न्या.